छाट

भाग्या, सोमवारी जा. मोठ्या मॅडम सोमवारीच येतात.
सातला निघ. घरकुलातून रिक्षा गच्च भरून सुटते,
तू पुढं ड्रायव्हरच्या कडेला बसू नको.
कार्ड घे, बाटली घे, डब्यात भाकरी-चटणी घे,
अर्धा दिवस जातोच.
आणि नेमकं त्याच दिवशी नळाला पाणी आलं तरी जा.
नवऱ्याला भरू दे. चार घागरींनं कुणी मरत नाही.

आधी काटा. चप्पल काढून उभी राहा.
मग दंडाला पट्टा. फुगतो, हात बधिर होतो,
तेवढा वेळ बोलू नको, सासूला तर आठवूच नको,
आकडा चढतो.
मग बोटाला सुई. मग लघवीची बाटली.
लाजतेस काय, तिथं सगळ्याच जणी
ती कोमट बाटली पदराआड धरून
रांगेत उभ्या असतात, तेलाची वाटी सांडू नये तशा.

कलशेट्टी सिस्टर पोटावर टेप लावतील.
शिंप्यासारखी, पण डोळे मिटून,
हाताला डोकं कुठं लागतं, पाठ कुठं, सांगतात.
त्यांचे हात गार असतात. आधी चोळून घेतात.
मग ते यंत्र टेकवतील आणि ऐकशील:
तुझा दादा रात्रपाळीला असतो त्या शेडमधनं
लांबून माग ऐकू येतात ना, तसं.
मी घाबरले होते, इतकं जोरात कशाला पळतंय म्हणून.
ते तसंच असतं.

मॅडम चार मिनिटं देतात.
वाईट नाहीत, बाहेर साठ जणी असतात.
जे विचारायचं ते घरूनच पाठ करून जा.
पाय सुजले, डोळ्यापुढं काजवे आले, अंगावरनं गेलं,
हे आधी सांग, मळमळ मागनं.
तंबाखू बंद करा म्हणतील.
तू मान हलवशील. मीही हलवली होती.
नंतर सिस्टरनं दारात गाठून विचारलं,
हजाराची मजुरी कोण देणार तुला?
मग म्हणाल्या, निदान सूप दाराशी घेऊन बस,
तोंडाला ओलं फडकं बांध, झोपायच्या खोलीत पानं भिजवू नको,
जमेल तेव्हा सोड, आणि जमव.

सातव्या महिन्यात माझा आकडा चढला.
मॅडमनी कार्डावर लाल पेन मारला, ॲडमिट म्हणाल्या.
तुला आपला मास्तर माहीत आहे.
कट्टा सोडतो, एक विडी चिमटीत धरतो,
ढिली लागली की मोडतो, टोपलीत टाकतो.
शंभरात सहा-सात छाट. त्याची मजुरी नाही.
मी त्या खाटेवर पडून तेच बघत होते,
कुणाची तरी चिमूट
माझ्या अंगावरनं फिरते आहे.

सिस्टरनं सांगितलं, हालचाल मोज.
जेवल्यावर डाव्या कुशीवर पड आणि मोज.
मोजण्यात मला कोण हरवणार?
पंचविसाचा एक कट्टा, असे चाळीस, रोज,
नवव्या वर्षापासून मोजते आहे.
उशाखाली विडीचा दोरा ठेवला होता, गुलाबी.
एक लाथ, एक गाठ.
दुपारी दहा झाल्या की झोपायचे.
एका रात्री तीनच झाल्या.
चौथीची वाट बघत बसले नाही मी,
सलाईनची बाटली हातात धरून
अनवाणी गेले सिस्टरच्या टेबलापर्यंत
आणि दोरा त्यांच्यापुढं ठेवला.
त्यांनी गाठी मोजल्या. मग फोन उचलला.

एक किलो नऊशे.
मास्तर असता तर टोपलीत टाकली असती.
आता तिसरीत आहे, आणि तुझ्याच कट्ट्यातनं
दोऱ्याची रिळं पळवते, म्हणून ओरडतेस ना तिला.

तर सोमवारी जा.
सिस्टरना माझं नाव सांगितलंस तर आठवणार नाही,
दोरा म्हण.
आणि येताना चौकातनं
माझी कात्री धार लावून आण. पिशवीत घालताना
टोक खाली कर.